दोन शहरांमधील हवाई अंतर आणि प्रवासाचा वेळ कसा काढावा

विमानाने कुठे जायचे ठरले की ते ठिकाण किती लांब आहे आणि तिथे पोहोचायला किती वेळ लागेल, हे दोन प्रश्न एका दमात विचारले जातात. पहिल्याचे उत्तर भूमितीत असते आणि ते वर्षानुवर्षे तेच राहते. दुसऱ्याचे उत्तर वारा, हवाई हद्दी, विमानतळावरची गर्दी आणि घड्याळांतील फरक यांवर अवलंबून असल्यामुळे ते ऋतूगणिक, कधी कधी तर दिवसागणिक बदलते. म्हणून आधी अंतर निश्चित करावे आणि मग वेळेचा हिशेब स्वतंत्रपणे मांडावा. पुढे ही रीत मुख्यतः मुंबई–नागपूर आणि मुंबई–लंडन या दोन मार्गांवर दाखवली आहे, कारण त्यांत जवळच्या आणि लांबच्या प्रवासातल्या बहुतेक अडचणी येऊन जातात.

कोणते अंतर मोजायचे?

मुंबई आणि नागपूर यांच्यातील अंतर विचारले तर तीन वेगवेगळी उत्तरे मिळतात आणि तिन्ही बरोबर असतात. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून नागपूर स्थानकापर्यंत रेल्वेने ८३७ किलोमीटर आहेत. भिवंडीजवळच्या आमणे येथून नागपूरला जाणारा समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे. दोन्ही शहरांच्या विमानतळांमधील हवाई अंतर मात्र सुमारे ६८३ किलोमीटर भरते. प्रवासाचा हिशेब करताना हे आकडे एकमेकांत मिसळू नयेत. हवाई अंतर म्हणजे पृथ्वीच्या पृष्ठभागावरून मोजलेले दोन विमानतळांमधील सर्वांत कमी अंतर. ते शहराच्या मध्यापासून न मोजता विमानतळापासूनच मोजावे. मोठ्या शहरांना एकाहून अधिक विमानतळ असतात, हेही ध्यानात ठेवावे. नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाल्यापासून ही गोष्ट मुंबईलाही लागू झाली आहे. लंडनच्या बाबतीत हीथ्रो, गॅटविक, स्टॅनस्टेड असे पर्याय आहेत. हवाई अंतरात यामुळे पडणारा फरक किरकोळ असतो. पण घरापासून विमानतळ गाठण्याच्या वेळेत तो तासाभराचाही असू शकतो.

जवळच्या शहरांसाठी साधी रीत

हजार किलोमीटरच्या आतबाहेरचे अंतर काढायला कागद, पेन्सिल आणि साधा गणकयंत्राचा आधार पुरतो. दोन्ही विमानतळांचे अक्षांश आणि रेखांश दशांश पद्धतीत घ्यावेत. मोबाइलवरील नकाशात विमानतळावर बोट दाबून धरले की हे आकडे मिळतात. मुंबईचा विमानतळ १९.०९ अंश उत्तर आणि ७२.८७ अंश पूर्व, तर नागपूरचा २१.०९ अंश उत्तर आणि ७९.०५ अंश पूर्व येथे आहे. अक्षांशांतील फरक २.०० अंश आणि रेखांशांतील फरक ६.१८ अंश आहे.

अक्षांशाचा एक अंश कुठेही साधारण १११ किलोमीटरचा असतो, म्हणून उत्तर-दक्षिण अंतर २२२ किलोमीटर झाले. रेखांशाचा अंश मात्र विषुववृत्तावर १११ किलोमीटरचा असतो आणि ध्रुवाकडे जाताना आक्रसत जातो. त्याची लांबी काढण्यासाठी १११ ला त्या ठिकाणच्या अक्षांशाच्या कोसाइनने गुणावे. दोन्ही शहरांचा मधला अक्षांश सुमारे २०.१ अंश असून त्याचा कोसाइन ०.९३९ आहे. तेव्हा पूर्व-पश्चिम अंतर ६.१८ गुणिले १११ गुणिले ०.९३९, म्हणजे सुमारे ६४४ किलोमीटर. आता पायथागोरसचे प्रमेय लावावे. २२२ आणि ६४४ यांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ ६८१ येते. गोल पृथ्वीचा पूर्ण विचार करून काढलेले अंतर ६८३ असल्यामुळे या साध्या रीतीतली चूक दोन किलोमीटरची आहे, आणि प्रवाशाच्या दृष्टीने ती नगण्य आहे. शाळेत शिकलेल्या या प्रमेयाचा इतका उपयोगी वापर विद्यार्थ्यांकडून एकदा तरी करून घ्यावा, असे मला मनापासून वाटते.

दूरच्या शहरांसाठी बृहद्वृत्त

अंतर काही हजार किलोमीटरचे झाले की पृथ्वीचा गोलावा दुर्लक्षून चालत नाही. गोलावरील दोन बिंदूंमधील सर्वांत जवळचा मार्ग बृहद्वृत्तावरून जातो. पृथ्वीच्या केंद्रातून जाणाऱ्या प्रतलाने तिच्या पृष्ठभागावर आखलेले वर्तुळ म्हणजे बृहद्वृत्त. भिंतीवरच्या नेहमीच्या नकाशात हा मार्ग वाकलेला दिसतो, आणि विमान एवढा वळसा का घेते, असा प्रश्न पडतो. वास्तविक मर्केटर पद्धतीच्या नकाशावर मुंबईहून लंडनपर्यंत पट्टीने आखलेली सरळ रेषा सुमारे ७,४१० किलोमीटरची ठरते, तर वाकडा दिसणारा मार्ग सुमारे ७,२१० किलोमीटरचा. याची खात्री पृथ्वीगोलावर सहज करता येते. दोन शहरांवर दोऱ्याची टोके धरून दोरा ताणावा. तो आपोआप बृहद्वृत्तावर बसतो. तीच लांबी विषुववृत्तावर ठेवून ती किती अंश व्यापते ते पाहावे आणि त्या अंशांना १११ ने गुणावे.

गणिताने काढायचे असल्यास हीथ्रोचे स्थान ५१.४७ अंश उत्तर आणि ०.४५ अंश पश्चिम असे घ्यावे. मुंबई ग्रिनिचच्या पूर्वेस आणि हीथ्रो किंचित पश्चिमेस असल्यामुळे रेखांशांची वजाबाकी न करता बेरीज करावी लागते. ती ७३.३२ अंश येते. ही खूण विसरल्यास उत्तर चुकते, आणि अमेरिकेच्या बाबतीत तर हजारो किलोमीटरनी चुकते. आता दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करावा. ०.३२७ गुणिले ०.७८२ म्हणजे ०.२५६. मग दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशांतील फरकाचा कोसाइन यांचा गुणाकार करावा. ०.९४५ गुणिले ०.६२३ गुणिले ०.२८७ म्हणजे ०.१६९. दोहोंची बेरीज ०.४२५ होते. ज्या कोनाचा कोसाइन ०.४२५ आहे तो कोन ६४.८५ अंशांचा, त्याला १११.२ ने गुणले की सुमारे ७,२१० किलोमीटर मिळतात. गणकयंत्र अंशांवर लावलेले आहे ना, हे आधी पाहावे. स्प्रेडशीटमध्ये हे गणित करताना अंशांचे रेडियनमध्ये रूपांतर करावे लागते.

परदेशी संकेतस्थळांवर अंतर मैलांत किंवा सागरी मैलांत दिलेले असते. एक सागरी मैल नेमका १.८५२ किलोमीटरचा, तर नेहमीचा मैल १.६०९ किलोमीटरचा असतो. विमानचालक सागरी मैलच वापरतात, कारण अक्षांशाच्या एका अंशाचा साठावा भाग, म्हणजे एक मिनिट, जवळजवळ एक सागरी मैल भरतो.

विमान प्रत्यक्षात कोणत्या मार्गाने जाते?

आतापर्यंत काढलेले अंतर ही खालची मर्यादा झाली. मुंबई–लंडन बृहद्वृत्त बलुचिस्तान, इराण, कॉकेशसमधील डोंगराळ प्रदेश, काळा समुद्र आणि युक्रेन यांच्यावरून जाते. त्याचा मध्यबिंदू आर्मेनिया, अझरबैजान आणि जॉर्जिया यांच्या सीमा जिथे जवळ येतात तिथे पडतो. या वाटेवरील देशांची नावे वाचली तरी अडचण लक्षात यावी. युक्रेनची हवाई हद्द २४ फेब्रुवारी २०२२ पासून नागरी विमानांना बंद झाली. पाकिस्तानने २४ एप्रिल २०२५ रोजी भारतीय विमान कंपन्यांसाठी आपली हद्द बंद केली आणि ती बंदी पुढे महिन्यामहिन्याने वाढवत नेली. त्याआधी २०१९ मध्येही फेब्रुवारीच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत ती हद्द बंद होती. पाकिस्तानची बंदी इतर देशांच्या कंपन्यांना लागू नसल्यामुळे एकाच दिवशी, एकाच दोन शहरांमध्ये उडणाऱ्या दोन कंपन्यांच्या विमानांचे मार्ग आणि वेळ निरनिराळे असू शकतात.

या बंदीचा फटका मुंबईपेक्षा दिल्लीला जास्त बसतो. बृहद्वृत्तावर दिल्लीहून लंडन सुमारे ६,७३० किलोमीटर आहे, म्हणजे मुंबईपेक्षा जवळजवळ ४८० किलोमीटरनी जवळ. पण पाकिस्तानवरून जाता आले नाही तर दिल्लीच्या विमानाला आधी दक्षिण-पश्चिमेकडे गुजरातच्या बाजूला वळून अरबी समुद्र गाठावा लागतो आणि त्यात हा फायदा बराचसा संपतो. मुंबईचे विमान समुद्राच्या काठावरूनच उडत असल्यामुळे त्याला पडणारा वळसा तुलनेने लहान असतो.

हद्दी खुल्या असल्या तरी हवाई मार्ग ठरलेले असतात, सैनिकी क्षेत्रे टाळावी लागतात आणि उतरताना धावपट्टीच्या दिशेनुसार वळावे लागते. म्हणून साधारण काळात बृहद्वृत्ताच्या अंतरात पाच टक्के मिळवावेत, आणि मोठा वळसा ठाऊक असेल तर मार्गाचे तुकडे पाडून प्रत्येकाचे अंतर वेगळे काढावे.

अंतरावरून वेळ

एअरबस ए-३२० किंवा बोइंग ७३७ यांसारखी विमाने उंचीवर स्थिरावल्यावर ताशी सुमारे ८३० किलोमीटर वेगाने जातात, तर बोइंग ७७७ आणि ७८७ यांसारखी लांब पल्ल्याची विमाने सुमारे ९०० किलोमीटर वेगाने. पण वेळापत्रकात छापलेला वेळ केवळ हवेतला नसतो. विमान आपल्या जागेवरून मागे ढकलले जाते तेव्हापासून ते दुसऱ्या विमानतळावर जागेवर येऊन थांबेपर्यंतचा तो वेळ असतो, आणि त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. त्यात धावपट्टीपर्यंत जाणे, रांगेत थांबणे, उतरण्याआधी आकाशात घिरट्या घालणे हे सारे धरलेले असते. मुंबईच्या जुन्या विमानतळावर दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे त्या एकाच वेळी स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत आणि गर्दीच्या वेळी रांग लागते.

व्यवहारात चालणारा नियम असा आहे: वाढीव अंतराला वेगाने भागावे आणि उत्तरात अर्धा तास मिळवावा. कमी पल्ल्याच्या उड्डाणात चढण्या-उतरण्यातच बराच वेळ जातो, म्हणून तिथे वेग ८०० धरावा. मुंबई–नागपूरचे ६८३ किलोमीटर पाच टक्क्यांनी वाढवून ७१७ होतात. त्यांना ८०० ने भागले की ५४ मिनिटे, आणि अर्धा तास धरून १ तास २४ मिनिटे. वेळापत्रकात यापेक्षा पाच-दहा मिनिटे अधिक दिसल्यास आश्चर्य वाटू नये, कारण विमान वेळेवर पोहोचल्याची नोंद व्हावी म्हणून कंपन्या थोडी सूट राखून ठेवतात.

आता वाऱ्याचा विचार करू. समशीतोष्ण आणि उपोष्ण पट्ट्यांत नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वारे असतात. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. हिवाळ्यात हा प्रवाह उत्तर भारतावर येतो आणि पावसाळ्यात हिमालयाच्या उत्तरेकडे सरकतो. त्यामुळे पूर्वेकडे जाणाऱ्या विमानाला हिवाळ्यात पाठबळ मिळते आणि पश्चिमेकडे येणाऱ्याला तोच वारा अडवतो. मुंबई–कोलकाता हे हवाई अंतर सुमारे १,६६५ किलोमीटर आहे. विमानाचा वेग ८३० आणि वाऱ्याचा १०० धरला, तर जाताना जमिनीच्या तुलनेत वेग ९३० होतो आणि नुसत्या उड्डाणाला १ तास ४७ मिनिटे लागतात. परत येताना वेग ७३० वर येतो आणि २ तास १७ मिनिटे लागतात. त्याच दोन शहरांमध्ये, त्याच विमानाने, अर्ध्या तासाचा फरक पडतो. वारा नसताना एका फेरीला दोन तास लागले असते. म्हणजे जाताना तेरा मिनिटे वाचली, पण येताना सतरा मिनिटे गेली. वारा एका दिशेला देतो त्याहून अधिक दुसऱ्या दिशेला घेतो, कारण विरुद्ध वाऱ्यात विमान जास्त काळ अडकून राहते.

मुंबई–लंडनला हाच नियम लावू. ७,२१० किलोमीटर पाच टक्क्यांनी वाढवून सुमारे ७,५७० होतात. समोरच्या वाऱ्यासाठी वेग ८५० धरला तर ८ तास ५४ मिनिटे आणि अर्धा तास मिळून जवळजवळ साडेनऊ तास होतात. येताना वेग ९५० धरला तर साडेआठ तासांच्या आसपास. वळसा मोठा असेल तर याहून जास्त.

वारा अंतरावरही मात करू शकतो, याचे ठळक उदाहरण एअर इंडियाच्या दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को सेवेचे आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये हे विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिक महासागरावरून नेण्यात आले. त्या मार्गाचे अंतर सुमारे १५,३०० किलोमीटर, म्हणजे आधीच्या मार्गापेक्षा सुमारे १,४०० किलोमीटरनी जास्त होते. तरीही पाठीशी वारा असल्यामुळे विमान साडेचौदा तासांत, पूर्वीपेक्षा बऱ्याच कमी वेळात पोहोचले.

घड्याळांतील फरक

तिकिटावरील सुटण्याची आणि पोहोचण्याची वेळ त्या त्या ठिकाणच्या स्थानिक घड्याळाप्रमाणे असते. भारताची प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२ अंश ३० मिनिटे पूर्व रेखावृत्तावरून ठरलेली असून ती ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे आहे. ब्रिटनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत घड्याळे एक तास पुढे असतात, म्हणून त्या काळात फरक साडेचार तासांचा राहतो. अमेरिकेत हा बदल मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी होतो. त्यामुळे मार्च, ऑक्टोबर आणि नोव्हेंबरमध्ये लंडनमार्गे अमेरिकेला जाणाऱ्यांनी दोन्ही देशांतील वेळा तपासाव्यात.

हिवाळ्यात मुंबईहून दुपारी १ वाजता सुटलेले विमान लंडनला संध्याकाळी ५.१५ वाजता पोहोचणार असेल, तर पोहोचण्याच्या वेळेत साडेपाच तास मिळवावेत. भारतीय घड्याळात ते रात्री १०.४५ झाले, म्हणजे प्रवास ९ तास ४५ मिनिटांचा. लंडनहून रात्री ९ वाजता निघून मुंबईत दुसऱ्या दिवशी सकाळी ११.१५ वाजता उतरत असल्यास ११.१५ मधून साडेपाच तास वजा करावेत. लंडनच्या घड्याळात ते पहाटेचे ५.४५ होतात, म्हणजे प्रवास ८ तास ४५ मिनिटांचा. नियम एवढाच की दोन्ही वेळा एकाच घड्याळावर आणाव्यात आणि मगच वजाबाकी करावी.

घड्याळांतील फरक ठाऊक नसतानाही उपयोगी पडणारी एक युक्ती आहे. जातानाच्या स्थानिक वेळांची सरळ वजाबाकी ४ तास १५ मिनिटे येते आणि येतानाची १४ तास १५ मिनिटे. या दोहोंची बेरीज करून तिची निम्मी केली की ९ तास १५ मिनिटे मिळतात, आणि हीच दोन्ही उड्डाणांची खरी सरासरी आहे. घड्याळांतील फरक एकीकडे वजा आणि दुसरीकडे अधिक होत असल्यामुळे तो आपोआप नाहीसा होतो. परतीचा प्रवास त्याच मार्गाने आणि दोन्ही बाजूंना घड्याळे बदलण्याआधी असावा, एवढीच अट.

मध्ये थांबा असल्यास

थांब्यामुळे अंतर किती वाढते, हे थांबा कुठे आहे त्यावर ठरते. मुंबई–दुबई सुमारे १,९२५ आणि दुबई–हीथ्रो सुमारे ५,५०० किलोमीटर आहे, बेरीज ७,४२५. थेट मार्गापेक्षा हे अंतर जेमतेम २१५ किलोमीटरनी जास्त आहे. म्हणजे अंतराच्या हिशेबात दुबई जवळजवळ वाटेवरच आहे, आणि वाढणारा वेळ मुख्यतः विमान बदलण्याचा असतो. एअर इंडिया इंटरनॅशनलची मुंबई–लंडन सेवा ८ जून १९४८ रोजी सुरू झाली तेव्हा ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान कैरो आणि जिनिव्हामार्गे गेले होते. त्या तीन टप्प्यांची आजच्या विमानतळांनुसार बेरीज केली तर सुमारे ७,९०० किलोमीटर होतात.

तिकीट काढताना ‘डायरेक्ट’ आणि ‘नॉन-स्टॉप’ या शब्दांतला भेद पाहावा. डायरेक्ट विमान एकाच क्रमांकाने जाते, पण मध्ये उतरू शकते. विमान बदलायचे असल्यास प्रत्येक टप्प्याचा ब्लॉक टाइम वेगळा काढून त्यात थांब्याचा वेळ मिळवावा. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर नसतील तर सामान घेऊन पुन्हा सर्व तपासण्या कराव्या लागतात. अशा वेळी दोन तासांचा थांबा धोक्याचा ठरतो.

घरापासून मुक्कामापर्यंत

देशांतर्गत उड्डाणासाठी दोन आणि आंतरराष्ट्रीय उड्डाणासाठी तीन तास आधी विमानतळावर पोहोचावे, असे धरून हिशेब करावा. मुंबई–नागपूरसाठी घरापासून विमानतळापर्यंत एक तास, विमानतळावर दोन, विमानात दीड, सामान घेऊन बाहेर पडायला अर्धा आणि शहरात पोहोचायला पाऊण तास धरला, तर पावणेसहा तास होतात. दीड तासाचे उड्डाण हा या प्रवासाचा जेमतेम चौथा हिस्सा आहे. कमी पल्ल्याच्या प्रवासात रेल्वे, गाडी आणि विमान यांची तुलना म्हणूनच पूर्ण वेळेवर करावी. लंडनच्या बाबतीत उड्डाणच मोठे असल्यामुळे बाकीच्या तासांचे वजन कमी होते. तरी इमिग्रेशनच्या रांगेसाठी तासभर राखून ठेवावा.

अंतर आणि ब्लॉक टाइम यांना कायद्यातही स्थान आहे. भारतातील नियमांनुसार पुरेशी पूर्वसूचना न देता आणि कंपनीच्या हाताबाहेरचे कारण नसताना उड्डाण रद्द झाल्यास भरपाईची कमाल रक्कम ब्लॉक टाइमवर ठरते: एक तासापर्यंत ५,००० रुपये, एक ते दोन तासांसाठी ७,५०० रुपये आणि त्याहून लांब उड्डाणासाठी १०,००० रुपये, मूळ एकेरी भाडे अधिक इंधन अधिभार याहून कमी असल्यास तेवढीच रक्कम मिळते. मुंबई–नागपूर उड्डाण यातील मधल्या गटात येते. ब्रिटनहून निघणाऱ्या उड्डाणांसाठी मात्र अंतर पाहिले जाते, आणि ते बृहद्वृत्तावर मोजावे असे तेथील नियमातच म्हटले आहे. ३,५०० किलोमीटरपेक्षा जास्त अंतरासाठी भरपाई ५२० पौंडांपर्यंत असते. लंडन–मुंबई उड्डाण या गटात येते.

विमान कंपन्यांची वेळापत्रके वर्षातून दोनदा, मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात. उन्हाळ्यात काढलेले तिकीट डिसेंबरच्या प्रवासाचे असेल, तर त्या बदलानंतर सुटण्याची वेळ, पोहोचण्याची वेळ आणि जोडून असलेल्या रेल्वेची किंवा दुसऱ्या विमानाची वेळ पुन्हा एकदा जुळवून पाहावी.